बुरूड राजाचा कोट ते राजगृह : मुंबईच्या वास्तूंमधील आपला इतिहास

मुंबईचा वास्तुवारसा म्हटला की सीएसएमटीचे घुमट, राजाबाई टॉवर आणि गेटवे ऑफ इंडिया डोळ्यांसमोर येतात. या यादीत बौद्धांचे शहर सहसा नसते. ते मात्र इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून इथे आहे, आणि आजही उभे आहे. त्यातील काही वास्तूंची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

सोपारा : नाव बदललेला स्तूप
नालासोपाऱ्याजवळच्या एका टेकाडाला गावकरी 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या गर्भात दगडी पेटी होती. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती आणि मातीच्या पात्राचे बारीक तुकडे मिळाले. हे तुकडे बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे इंद्रजींचे मत होते. सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. स्तूपातील अवशेष फोर्टमधील एशियाटिक सोसायटीकडे, म्हणजे १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाऊन हॉलमध्ये आहेत. त्या प्रसिद्ध पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

कान्हेरी : पारशी पाहुण्यांच्या सह्या
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात काळ्या बसाल्टमध्ये शंभराहून अधिक लेणी आहेत. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर, त्यावरून कान्हेरी. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत. लेण्यांशेजारी पावसाचे पाणी साठवण्यासाठी कोरलेल्या टाक्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. दान देणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, तसे भिक्षू आणि भिक्षुणीही आहेत. सर्वांत वेगळी नोंद ९० क्रमांकाच्या लेण्यात आहे. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी तिथे पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत.

परळची बीआयटी चाळ
१८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बांधलेल्या चाळी म्हणजे बीआयटी चाळी. परळच्या चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावरील ५० व ५१ क्रमांकाच्या खोल्यांत १९१२ ते १९३४ या काळात बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळीही बाबासाहेब इथेच राहत होते. परळच्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी सभा झाली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली.

राजगृह
दादरच्या हिंदू कॉलनीतील हे घर बाबासाहेबांनी मुख्यतः पुस्तकांसाठी बांधले. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव त्यांनी घराला दिले, तेही धम्मदीक्षेच्या वीसहून अधिक वर्षे आधी. पुढे १९४६ मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाचे नाव सिद्धार्थ आणि फोर्टमधील त्याच्या इमारतींची नावे बुद्ध भवन व आनंद भवन. १९५६ ची चाहूल या नावांत आधीच लागते.

चैत्यभूमी आणि गोराई
७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तिथल्या स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. खाली चौकोनी दालन, वर घुमट आणि समोर सांचीच्या धर्तीचे तोरण अशी त्याची रचना आहे. गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. एकमेकांत अडकणाऱ्या दगडांनी बांधलेल्या त्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि सुमारे ८,००० साधक एकत्र बसू शकतात.

आपले काम
सोपाऱ्याचा स्तूप पडला नव्हता. तो कशासाठी बांधला हे सांगणारी माणसे उरली नव्हती. म्हणून स्तूपाचा कोट झाला. आज मुंबईत जुन्या चाळी झपाट्याने पुनर्विकासाला जात आहेत. ज्या खोलीत रात्रशाळा भरली, ज्या पटांगणात सभा झाली, त्याची नोंद नसेल तर उद्या तिथे फक्त टॉवरचे नाव राहील.

म्हणून आम्ही तरुण कार्यकर्त्यांना सुचवतो : आपल्या वस्तीतील विहार कोणत्या साली, कोणाच्या वर्गणीतून उभे राहिले ते ज्येष्ठांना विचारून लिहून ठेवा. जुन्या पावत्या, पत्रिका, कोनशिला यांचे फोटो घ्या. सहा डिसेंबरला बाहेरगावाहून आलेल्या बांधवांना चैत्यभूमीसोबत परळची चाळही दाखवा. कान्हेरीच्या दात्यांनी आपली नावे दगडात कोरली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात. आपल्या हाती निदान वही आणि मोबाइल आहे.