वरठीवरून गेलेल्या गाडीतला शब्द



गटातून कर्ज देताना आपण किती काळजी घेतो! रजिस्टरमध्ये नोंद करतो, सही किंवा अंगठा घेतो, ठराव लिहितो. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट घडलेली असते. बाई म्हणते, "रोवणीला पैसे द्या, चुरणी झाली की परत करते." हा शब्द कागदावर नसतो, तोंडाने दिलेला असतो. आज त्या तोंडी शब्दाबद्दल बोलू. ख्रिस्ती धर्मात दिलेल्या शब्दाला मोठी किंमत आहे, आणि त्याची एक खरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या रेल्वेशी जोडलेली आहे.

साल होते १८९३. नारायण वामन टिळक नावाचे तरुण ब्राह्मण कवी नागपूरहून राजनांदगावला गाडीने निघाले होते. ही गाडी तेव्हाही आपल्या वरठीवरून, म्हणजे भंडारा रोड स्टेशनावरून जायची. पुढे तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव. गोंदियाचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा गोंदिया जिल्हा झाला तो १९९९ साली.

डब्यात टिळकांना एक गोरे गृहस्थ भेटले. कवितेवर बोलणे सुरू झाले आणि धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलचा नवा करार हे पुस्तक दिले आणि ते वाचण्याचे वचन घेतले. टिळकांनी शब्द दिला. ते गृहस्थ कोण होते, हे टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही.

आता विचार करा. त्या माणसाची पुन्हा भेट होणार नव्हती. पुस्तक वाचले की नाही, हे विचारायला कोणी येणार नव्हते. सही नाही, साक्षीदार नाही. वर ते पुस्तक टिळकांना सुरुवातीला आवडलेही नाही. तरी शब्द दिला होता, म्हणून हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत ते वाचत राहिले. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले, आणि तिथे मात्र त्यांना पुस्तक खाली ठेववेना.

मत्तयाच्या शुभवर्तमानातले पाच ते सात हे तीन अध्याय म्हणजे ते प्रवचन. शब्द पाळण्याबद्दल येशूची शिकवण त्यातच आहे. त्या काळी लोक आकाशाची, पृथ्वीची, यरुशलेम शहराची, स्वतःच्या डोक्याची शपथ घेत. कोणती शपथ बांधील आणि कोणती नाही, यावर वाद घालत. येशू म्हणतात की शपथच घेऊ नका. तुमचा होकार खरा होकार असू द्या आणि नकार खरा नकार. आपल्याकडेही लोक लेकराची शपथ घेतात, गळ्याची शपथ घेतात. शपथ घेतली तरच खरे बोलणार असू, तर बाकीच्या वेळच्या बोलण्याचे काय? रोजचे साधे बोलणेच शपथेइतके पक्के हवे, असा या शिकवणीचा अर्थ.

बायबलमध्ये शब्द पाळणाऱ्या एका सुनेचीही गोष्ट आहे. तिचे नाव रूथ. नवरा वारला, दीर वारला, सासरा आधीच गेलेला. सासू नामी आपल्या गावी परत निघाली आणि सुनांना म्हणाली, तुम्ही माहेरी जा. एक सून रडत परत गेली. रूथ म्हणाली की मी तुम्हाला सोडणार नाही. परक्या मुलखात जाऊन तिने कापणी करणाऱ्यांच्या मागे जवाचा सरवा वेचला आणि सासूला जगवले. धानाच्या बांधीत सरवा वेचलेल्या बाईला हे कष्ट वेगळे समजावून सांगायला नकोत. शब्द एका क्षणात देता येतो, पण पाळावा लागतो रोज उन्हात वाकून.

पुन्हा टिळकांकडे येऊ. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही बातमी ऐकून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लग्नात त्या जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. आता पदरात लहान मुलगा, आणि नवरा धर्माबाहेर गेलेला. गाडीतल्या अनोळखी माणसाला दिलेला शब्द टिळकांनी पाळला, पण त्यानंतर जे घडले त्याची मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी भरली. ही बाजू लपवून गोष्ट सांगणे बरोबर नाही.

पण टिळकांनी आणखी एक शब्द दिलेला होता, लग्नाचा. तो पाळायचा की मोडायचा, हे आता त्यांच्या हातात होते. १८६६ साली सरकारने एक कायदा केला होता. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्यामुळे बायको नांदायला तयार नसेल, तर तो कोर्टात अर्ज करू शकत होता. कोर्ट वर्षभराची मुदत देई, आणि तरीही बायको नाही म्हणाली तर लग्न रद्द करता येई. मग दुसरे लग्न करायला मोकळीक. टिळकांनी ही वाट धरली नाही. काही वर्षे दोघांची ताटातूट झाली, पण त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्यांना त्यांचे सोवळे-ओवळे पाळू दिले, धर्म बदलण्याची जबरदस्ती केली नाही. जातीची शिवाशीव लक्ष्मीबाईंनी सोडली ती स्वतः विचार करून, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही स्वतःच्या मनाने.

टिळकांनी येशूचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लिहायला घेतले होते. थोडे अध्याय झाले आणि १९१९ साली ते वारले. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. कधी शाळेत न गेलेल्या या बाईने पुढचे ६४ अध्याय रचून काव्य पुरे केले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आजही मराठीत आवडीने वाचले जाते. नवऱ्याचे काम पुरे करा, असे रजिस्टरमध्ये कोणी लिहून घेतले नव्हते.

मैत्रिणींनो, हे कोणी धर्म बदलावा म्हणून सांगत नाही. आपापल्या देवासमोर दिवा लावून प्रत्येकीने यातले घेण्यासारखे घ्यावे. आपल्या गटाची पंचसूत्री आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब. पाचही सूत्रे दिलेल्या शब्दावर उभी आहेत. रजिस्टर त्या शब्दाची आठवण ठेवते, शब्दाची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून "हो" म्हणण्याआधी जरा थांबा. धान किती होईल, घरी कोणाचे दवापाणी निघेल, याचा हिशोब करून मगच तारीख सांगा. जमणार नसेल तर नाही म्हणा. खरा नकारही शब्दच आहे. आणि पीक बुडाले, हप्ता जमत नाही असे दिसले, तर बैठकीला दांडी मारू नका. येऊन सांगा, नवी तारीख मागा. आपण बाकीच्यांनीही तिचे ऐकून घ्यायला हवे, कारण अडचण सांगायला आलेली बाई शब्द मोडायला आलेली नसते.

पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर पाच मिनिटे काढा. कोणी विचारायला येणार नव्हते तरी पाळलेला एक शब्द, प्रत्येकीने आपला आपला सांगा.