अजित वाडेकर: पाणी द्यायला गेले आणि क्रिकेटर झाले!

१९७१ च्या ऐतिहासिक विजयांचे कर्णधार अजित वाडेकर यांना खरं तर इंजिनिअर व्हायचं होतं. शिवाजी पार्कातून एल्फिन्स्टन कॉलेजला बसने जाताना शेजारी राहणारे बाळू गुप्ते भेटले. गुप्ते कॉलेज टीममधले लेगस्पिनर. टीमला बारावा खेळाडू हवा होता, येतोस का? दिवसाचे ३ रुपये मिळणार होते. सायन्सच्या विद्यार्थ्याला तेवढं पुरेसं होतं.

पाणी देणारा हाच मुलगा पुढे रोहिंटन बारिया ट्रॉफीत, म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धेत, मुंबई विद्यापीठाकडून ३२४ धावा करून गेला. १९५८-५९ च्या मोसमात मुंबईकडून प्रथम श्रेणी पदार्पणही झालं. कसोटीसाठी मात्र डिसेंबर १९६६ उजाडला. स्टेट बँकेत नोकरी करत इतकी वर्षं थांबणं सोपं नव्हतं.

वाडेकरांचा ३२४ चा विक्रम मोडला सेंट झेवियर्सच्या एका विद्यार्थ्याने, ३२७ धावा करून. तो विद्यार्थी म्हणजे सुनील गावसकर. १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये गावसकर यांनी कसोटी पदार्पण केलं, चार सामन्यांत ७७४ धावा काढल्या आणि भारताने मालिका १-० ने जिंकली. कर्णधार अर्थातच वाडेकर.