प्रवाही डेटा पाइपलाइन

सतत येणाऱ्या नोंदी स्क्रिप्टने उचलून, वाटेतच त्यांची छाननी व गणित करून, हव्या त्या जागी पोहोचवणारी संगणकीय व्यवस्था. दिवसभराचा गठ्ठा साठवून रात्री हिशेब करण्याची पद्धत याहून जुनी. एका प्रोग्रॅमचे फलित थेट दुसऱ्याकडे वळवणारा 'पाइप' युनिक्समध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्ये आला. आज सर्रास वापरली जाणारी काफ्का ही प्रणाली लिंक्डइनने २०११ मध्ये खुली केली. महाराष्ट्रात कृष्णा-भीमा खोऱ्यातील पाऊस व पाणीपातळीच्या स्वयंचलित नोंदी तत्काळ मिळवण्याची व्यवस्था जलविज्ञान प्रकल्पातून उभी राहिली.

छत्रपती संभाजीनगरात पावसाळा लागला की नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) किती टक्के झाला, हे घरोघरी विचारले जाते. समजा, हा आकडा स्क्रिप्टने काढायचा आहे. एका ठिकाणी विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट), दुसरीकडे क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर); साठा कुठे दलघमीत (दशलक्ष घनमीटर), कुठे टीएमसीत (अब्ज घनफूट; १ टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी). या साऱ्यांना एका मापात आणणारा दुभाष्या म्हणजे अडॅप्टर. नवखे लोक काफ्का बसवण्यात आठवडा घालवतात, अडॅप्टर तासाभरात उरकतात आणि फसतात. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दलघमी, पण टक्केवारी निघते २,१७१ दलघमी उपयुक्त साठ्यावर. उरलेला ७३८ मृतसाठा. धरणात एकूण २,००० दलघमी पाणी असेल, तर खरी टक्केवारी ५८. मृतसाठा वजा करायचे राहिले आणि एकूण क्षमतेने भागले, की तीच ६९ दिसते.

वेळेचा घोळ याहून चिवट. रात्री ११ ची नोंद रेंज नसल्याने सकाळी ७ ला पोहोचली, तरी ती रात्रीच्याच हिशेबात धरावी लागते. उशिराच्या नोंदींची वाट किती पाहायची, त्या मर्यादेला 'वॉटरमार्क' म्हणतात. पूररेषेशी त्याचा संबंध नाही. सर्व्हरचे घड्याळ अनेकदा यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असते. पहाटे ४ ची नोंद मग आदल्या तारखेत जाते. संपर्क तुटला की स्क्रिप्ट तीच नोंद पुन्हा पाठवते. म्हणून धरणाचे नाव व वेळ मिळून एक किल्ली करावी, म्हणजे आवक दोनदा मोजली जात नाही.

काफ्कात मूळ मांडणीनुसार नोंदी ७ दिवसच ठेवल्या जातात. म्हणून कच्ची नोंद, आली तशी, वेगळ्या फाइलीत ठेवावी.