न्यायमूर्तींचा बंगाली गुरू

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव चालू असताना तासभर उभे राहिले, तर कानांवर एकाच वेळी तीन-चार भाषा पडतात. शेतकरी आपल्या निफाड-येवल्याकडच्या मराठीत बोलत असतो. व्यापाऱ्यांचे आपसांतले बोलणे कधी मारवाडीत चालते, कधी गुजरातीत. आणि परप्रांतातल्या खरेदीदाराशी भाव ठरविताना तोच व्यापारी फोनवर हिंदीत शिरतो. ही हिंदी त्याने व्याकरणाच्या पुस्तकातून घेतलेली नसते. उलट दहा-बारा वर्षे इंग्रजी हा विषय घेऊन उत्तीर्ण होत आलेला आमचा विद्यार्थी इंग्रजीत चार वाक्ये बोलायची वेळ आली की खाली मान घालतो. साहित्याच्या अध्यापकांपैकी कोणास हा अनुभव नसेल असे आम्हांस वाटत नाही.

२०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकविण्याच्या शासननिर्णयावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. एप्रिलमध्ये निघालेला आणि जूनमध्ये सुधारलेला तो निर्णय २९ जून रोजी मागे घेण्यात आला. कोणती भाषा, कोणत्या इयत्तेपासून आणि कोणाच्या आग्रहास्तव, यावर उदंड चर्चा झाली आणि ती आवश्यकच होती. परंतु परकी भाषा माणसाला येते तरी कशी, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. त्याचे एक उत्तर लासलगावच्याच तालुक्यात जन्मलेल्या एका माणसाच्या चरित्रात सापडते, म्हणून ते येथे मांडतो.

लासलगावहून नाशिककडे निघालेली गाडी उगाव ओलांडून निफाडला येते. या निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. बालपण कोल्हापुरात गेले आणि पुढचे शिक्षण मुंबईत, एल्फिन्स्टनमध्ये झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. ती उत्तीर्ण होणाऱ्यांत ते होते. इंग्रजीवरील त्यांच्या प्रभुत्वाविषयी लिहिण्याची गरज नाही. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांनी चाळिशी उलटल्यावर शिकलेली भाषा, म्हणजे बंगाली.

१८८६ साली सरकारने नेमलेल्या वित्त समितीवर रानड्यांची नियुक्ती झाली आणि त्या कामासाठी त्यांचा कलकत्त्यास मुक्काम पडला. रमाबाई सोबत होत्या. त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तिथला एक प्रसंग सांगितला आहे. दाराशी बंगाली वर्तमानपत्र विकणारा आला आणि ते वाचता येत नसल्याने त्याला परत पाठवावे लागले. ज्या गावात राहतो त्या गावची भाषा आपल्याला येऊ नये, ही गोष्ट दोघांनाही लागली. बंगालीची पुस्तके घरात आली आणि अभ्यास सुरू झाला. एके दिवशी रानड्यांच्या बोलण्याचा आवाज ऐकून रमाबाई पाहावयास आल्या, तो हजामत चालली आहे, हाती पुस्तक आहे आणि रानडे न्हाव्याला अक्षरांचे उच्चार व शब्दांचे अर्थ विचारीत आहेत! दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला काढून या नव्या गुरूची थट्टाही झाली. पण मुक्काम संपेपर्यंत रमाबाई बंगाली वाचू लागल्या होत्या.

हा प्रसंग थोरांच्या साधेपणाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. आम्हांस त्यात भाषाशिक्षणाची एक संपूर्ण पद्धत दिसते. पहिली गोष्ट निकडीची. दारात वर्तमानपत्र आले होते आणि ते वाचायचे होते; परीक्षा कोठेच नव्हती. दुसरी गोष्ट अशी की पुस्तकाने उच्चार सांगता येत नाही. मराठी माणसाला बंगालीतले निम्मे शब्द ओळखीचे वाटतात, कारण संस्कृतचे धन दोघींचेही आहे. आणि फसगत होते ती तेथेच. त्यांचा ‘अ’ पुष्कळदा ‘ओ’कडे झुकतो, आपल्या ‘व’च्या जागी ‘ब’ येतो. हे ज्याच्या जिभेवर आहे त्याच्यापाशीच जावे लागते, मग त्याच्या हाती वस्तरा का असेना. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. सरकारी समितीवरच्या विद्वानाला न्हाव्यापुढे अडाणी व्हावे लागले. भाषा शिकताना प्रौढ माणसाला पुन्हा बोबडे व्हावे लागते, आणि आपण इतके दिवस मिळविलेली प्रतिष्ठा नेमकी त्याच्या आड येते.

याच प्रदेशात ऐंशी वर्षांपूर्वी नेमके उलट घडले होते. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरात राहणाऱ्या विल्यम कॅरेने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचा अभ्यास केला. १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण आणि १८१० साली कोश छापून निघाला. म्हणजे मराठीच्या या छापील व्याकरणामागेही एक जिवंत जीभ होती. व्याकरण नंतर लिहिले गेले. आधी कोणी तरी बोलत होते आणि कोणी तरी कान देऊन ऐकत होते.

मात्र रानड्यांच्या घरातली प्रत्येक भाषा इतक्या हसतखेळत आली नाही, हेही नोंदविले पाहिजे. १८७३ साली लग्न झाले तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या, रानडे एकतीस वर्षांचे. लिहिणे-वाचणे त्यांना लग्नानंतर पतीने शिकविले, पुढे इंग्रजीही. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा या शिक्षणाला विरोध होता. टोमणे होते, अबोला होता. रानड्यांचे डोळे अधू, त्यामुळे त्यांना वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंकडे आले आणि इंग्रजीला रोजचा उपयोग मिळाला. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी पुण्यात झालेल्या सभेत गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढे त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले. पण त्या इंग्रजीत पती हा गुरू होता, सत्ता एका बाजूस होती आणि चुकण्याची भीती दुसऱ्या बाजूस. बंगालीच्या बाबतीत दोघेही सारखेच अजाण होते. आमच्या मते त्या कलकत्त्याच्या अभ्यासातला मोकळेपणा या समानतेतून आला.

रानड्यांची ही वृत्ती स्वभाषेच्या अभिमानाआड आली नाही, हे विशेष. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या देशी भाषांना परत स्थान मिळावे म्हणून ते अखेरपर्यंत झगडले. १९०१ च्या जानेवारीत त्यांचा मृत्यू झाला, त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. स्वतःच्या भाषेसाठी भांडणारा माणूस दुसऱ्याच्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसू शकतो. २०२५ च्या वादात दोन्ही बाजूंना हे उदाहरण आठवले असते तर बरे झाले असते.

आता बंगालीतल्या दोन शब्दांकडे वाचकांचे लक्ष वेधतो. बंगालीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. दोन्ही अर्थ संस्कृताला धरून आहेत. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे दंड झाला आणि चेष्टा म्हणजे टवाळी. हा अर्थबदल भाषेच्या इतिहासातला स्वाभाविक व्यापार आहे, त्यातून मराठी स्वभावाविषयी निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. पण आमच्या वर्गांत मराठी अर्थच खरे ठरत आले आहेत हे नाकारता येत नाही. चुकीच्या उच्चाराला वर्ग हसतो, अध्यापकही कधी हसतो, आणि ती चेष्टा झालेला मुलगा पुन्हा चेष्टा करीत नाही.

लासलगावचा व्यापारी मोडक्या हिंदीत भाव सांगतो तेव्हा समोरचा लिंगवचनाची चूक काढीत नाही. त्याला कांदा हवा असतो. गरज दोघांची असते, म्हणून चूक खपते, आणि चूक खपते म्हणून भाषा वाढते. वर्गात बाजार भरविता येणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु अध्यापकाने वर्षातून एकदा तरी आपल्याला न येणारी भाषा, आपल्या विद्यार्थ्यांदेखत, त्यांच्यापैकीच कोणाकडून शिकून पाहावी. नाशिक जिल्ह्यातल्या वर्गांत अहिराणी बोलणारी मुले आहेत, कोकणी बोलणारी आदिवासी मुले आहेत, घरी उर्दू बोलणारी आहेत. गुरू शोधायला दूर जावे लागणार नाही.

कलकत्त्याच्या त्या न्हाव्याला आपण केवळ न्हावी म्हणूनच ओळखतो. आपण कोणाला शिकवीत आहोत याची त्याला कितपत कल्पना होती, कोण जाणे. पण आपल्याला काय येत नाही, हे त्याच्या गिऱ्हाइकाला पुरते ठाऊक होते.