सोयाबीनच्या भावाची कुळकथा

मराठवाड्यातल्या मुखेडच्या बाजारात सोयाबीनची पोती काट्यावर चढण्याआधीच त्यांचा भाव बराचसा ठरलेला असतो. लातूरच्या तेल गिरण्यांचा, म्हणजे बाजाराच्या बोलीत ‘प्लांटचा’, भाव आडत्याकडे आलेला असतो. त्यातून वाहतूक, ओलावा आणि मातेरे वजा होते आणि उरलेला आकडा शेतकऱ्याच्या पट्टीवर चढतो. मग प्लांटला हा भाव कोण देतो? त्याचे कूळ शोधत गेले की वाट शिकागोला पोहोचते, आणि तिथून परतताना ती दिल्लीवरून येते.

शिकागोचा धान्यबाजार १८४८ साली उभा राहिला. सोयाबीनचे वायदे तिथे १९३६पासून होतात. पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच बांधून घ्यायचा, म्हणजे पिकवणारा आणि गिरणीवाला दोघेही चढउतारातून वाचतील, हा वायद्याचा मूळ हेतू. पुढे ज्यांना सोयाबीनचा एक दाणाही नको आहे, असे मोठे गुंतवणूक फंडही या सौद्यांत उतरले. तिथे २७ किलोंच्या बुशेलला डॉलरमध्ये जो भाव निघतो, तो पाहून जगभरचे व्यापारी आपला भाव बांधतात. या भावापुढे सरकारेही कशी वाकतात, ते १९७३ साली दिसले. भाव भडकताच निक्सन यांच्या अमेरिकी सरकारने सोयाबीनची निर्यातच रोखली. अमेरिकी मालावर विसंबलेला जपान हादरला आणि त्याने ब्राझीलच्या शेतीत पैसा घातला. आज सोयाबीन पिकवण्यात ब्राझील जगात पहिला आहे.

आपल्याकडे हे पीक आधी मध्य प्रदेशात रुजले. जबलपूरच्या जेएस ३३५ आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एमएयूएस ७१ या वाणांनी मराठवाड्याचा खरीप पालटला. मुखेड, कंधार, अहमदपूरच्या कोरडवाहू रानांत ज्वारी, मूग, उडीद मागे हटले आणि साधारण शंभर दिवसांत हाती पैसा देणारे सोयाबीन आले.

नव्वदच्या दशकात दिल्लीने खाद्यतेलाची दारे उघडली. १९९४ साली पामोलीनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली आणि १९९८पर्यंत शुल्क १५ टक्क्यांवर आले. जागतिक व्यापार संघटनेत पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा भारताने राखली, पण सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांच्या वर न जाण्याचे बंधन स्वीकारले. देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येऊ लागले. एक क्विंटल सोयाबीनमधून तेल निघते जेमतेम १८ किलो, बाकी बहुतेक पेंड. तेलाची स्पर्धा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाशी, पेंडीची ब्राझील-अर्जेंटिनाच्या पेंडीशी. मुखेडच्या भावाचा जन्म या दोन स्पर्धांतून झाला, आणि आयात शुल्क ही त्याची किल्ली झाली.

ही किल्ली कधी आणि कोणासाठी फिरते, ते पाहा. २००८ साली जगात खाद्यतेल भडकले. एप्रिलमध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क शून्य केले आणि मे महिन्यात सोया तेलाचे वायदे थांबवले. वायद्यांमुळे भाव वाढतात असा ठाम पुरावा नाही, असे सरकारनेच नेमलेल्या अभिजित सेन समितीने त्याच्या आदल्याच महिन्यात सांगितले होते. २०२१च्या ऑगस्टमध्ये लातुरात सोयाबीनने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा गाठला. त्याच महिन्यात १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली. ऑक्टोबरमध्ये, नेमक्या राशीच्या दिवसांत, कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ सीमाशुल्क शून्य झाले आणि डिसेंबरमध्ये बाजार नियामक सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले. बंदीला पुढे मुदतवाढ मिळत गेली.

भाव पडल्यावर मात्र शुल्क वाढायला २०२४चा सप्टेंबर उजाडला. शून्यावरचे मूळ शुल्क २० टक्के झाले, पण पेंडीला उठाव नव्हता. ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच माल विकला गेला. २०२५च्या मे महिनाअखेर, मृगाच्या तोंडावर, तेच शुल्क निम्मे झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत अतिवृष्टीचे पाणी शिरले आणि उभी पिके गेली. पीक गेले म्हणून उरलेल्या मालाचा भाव चढला नाही, कारण हा भाव मुखेडच्या पिकावर ठरतच नाही.

यामागे कोणाचे कारस्थान नाही. रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायची असते, सरकारला शहरी स्वयंपाकघराची चिंता असते आणि रुपया घसरला की आयात तेल आणखी महागते. अशा वेळी शुल्क घटवणे हा सर्वांत झटपट उपाय ठरतो. पण त्याचा भार कोरडवाहू शेतकऱ्याने एकट्याने का सोसावा? जागतिक बाजार आपल्या हातात नाही, शुल्क आपल्या हातात आहे. ते अधिसूचनेगणिक फिरवण्याऐवजी हमीभावाशी जोडावे: बाहेरचे तेल आणि पेंड इतकी स्वस्त आली की देशातला भाव हमीभावाखाली जाईल, तर शुल्क आपोआप वाढावे, भाव फार चढला तर आपोआप उतरावे. हा नियम पेरणीपूर्वी जाहीर व्हावा आणि हंगामभर मोडू नये. वायदेही कडक देखरेखीखाली पुन्हा सुरू व्हावेत, म्हणजे शेतकरी उत्पादक कंपन्यांना पेरतानाच पुढचा भाव दिसेल आणि बांधूनही घेता येईल.

मते मागायला गावात येणाऱ्या प्रत्येकाला मुखेडच्या शेतकऱ्याने हमीभावाचा आकडा विचारावाच, पण त्याआधी विचारावे: तेलाच्या आयात शुल्काबद्दल तुमचे म्हणणे काय?