तारेची पारख

आम्हां वर्धेकरांना सुताची पारख नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. १९२५ सालीं अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि पुढें सेवाग्रामच्या परिसरांत अंक, कस व समानता हे शब्द घरोघर रुळले. गुंडी पांढरीशुभ्र दिसते एवढ्यावरून तिला कोणी उत्तम म्हणत नसे. तोलून व ताणून पाहिल्यावरच तिचा गुण ठरे.

तांब्याच्या तारेला अशी कसोटी लावण्यास जगाला मोठें मोल द्यावें लागलें. बाजारांत तांबें म्हणून मिळणाऱ्या तारांची वाहकता परस्परांहून फारच भिन्न असते, हें विल्यम टॉमसन यांनीं १८५७ मध्यें दाखविलें. रंग तोच, जाडी तीच, आणि गुण मात्र निराळा! १८५८ ची अटलांटिक महासागरांतील तार सुमारें महिनाभरांतच मुकी झाली. पाठोपाठ सुएझहून एडनमार्गें कराचीस आणलेल्या तारेचीहि तीच गत झाली. तेव्हां चौकशी समिति बसली. १८६१ मध्यें तिचा अहवाल आला, आणि गटापर्चानें मढविलेली तार पाण्यांत बुडवून तींतून वीज किती झिरपते हें मोजण्याची शिस्त पक्की होत गेली. १८७० मध्यें ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानें मुंबईपासून एडनपर्यंत तार घातली, ती या मोजमापाच्या बळावर.

मीटरला जोडावयाच्या दोन चिमटेदार वायरींची पारख आपण अजून डोळ्यांनींच करतों. हा दातेरी चिमटा अमेरिकेंतील क्लीव्हलंडच्या राल्फ म्युलर यांनीं १९०८ च्या सुमारास प्रचारांत आणला. त्याच्यावरील रबरी टोपी मागें सारून पाहा. तारेचे तंतु डाखानें नीट जोडलेले असावेत. स्वस्त मालांत पुष्कळदां तार नुसती पत्र्याखालीं चेपलेली असते. ती आज चालते व उद्यां सुटते. तारेस लोहचुंबक चिकटला तर आंत लोखंड आहे असें समजावें. चिमटा चिकटला तर मात्र बिघडलें नाहीं. चांगले चिमटेहि पोलादाचे असतात. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तांब्याचा रोध सुमारें ०.०१७ ओहम भरतो. मीटर ओहमवर ठेवून दोन्ही चिमटे एकमेकांस लावावेत व तार चिमट्याजवळ हालवावी. आंकडा नाचूं लागला कीं आंतले तंतु तुटले आहेत.

अशी तुटकी तार फार घातक. विजेचा दाब तपासतांना मीटर शून्य दाखवितो, मनुष्य प्रवाह बंद आहे असें समजून हात घालतो, आणि प्रवाह तर चालूच असतो. म्हणून जाणते कारागीर पूर्ण वेष्टनाच्या, दाबाची मर्यादा छापलेल्या वायरी घेतात; उघडा चिमटा घरच्या विजेस लावीत नाहींत. प्रथम वीज निश्चित असलेल्या जागीं मीटर लावून पाहतात, मग तपासावयाच्या जागीं, आणि नंतर पुन्हां पहिल्या जागीं.