मुलगे मुलींपेक्षा उशिरा बोलतात, हे खरं आहे का?

दोन वर्षांचा मुलगा फारसा बोलत नसला की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘मुलगाच आहे, बोलेल उशिरा. त्याचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलायला लागला.’ यात थोडं तथ्य आहे. पण त्याच्या भरवशावर थांबून राहिल्याने मुलाचे महत्त्वाचे महिने वाया जाऊ शकतात.

अभ्यास काय सांगतात?

युरोपातल्या १० भाषक समाजांतल्या १३ हजारांहून अधिक लहान मुलांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं ८ ते ३० महिन्यांची होती. हातवाऱ्यांनी सांगणं, शब्द बोलणं आणि शब्दाला शब्द जोडणं या तिन्हींत मुली किंचित पुढे होत्या.

पण हा फरक सरासरीचा आहे. एकाच वयाच्या दोन मुलींमध्येही याहून कितीतरी मोठा फरक दिसतो. पुढे तर हे अंतर जवळजवळ उरत नाही. जेनेट हाइड आणि मार्शा लिन यांनी १९८८ मध्ये वेगवेगळ्या वयांवरचे १६५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा भाषिक क्षमतेतला फरक नगण्य निघाला.

वागण्यातला फरक

आपली पाळी येईपर्यंत थांबणं, स्वतःला आवरणं यात बालवाडीच्या वयातल्या मुली सरासरीने पुढे असतात, तर ढकलाढकली, मारामारी मुलग्यांत जास्त दिसते. साधारण तिसऱ्या वर्षापासून मुलगे मुलग्यांशी आणि मुली मुलींशी जास्त खेळू लागतात. त्यामुळे सवयीही वेगळ्या पडत जातात.

हे सगळं जन्मजातच असतं असं नाही. २०१४ च्या एका छोट्या अभ्यासात आया तान्ह्या मुलींच्या आवाजांना मुलग्यांपेक्षा जास्त वेळा प्रतिसाद देत असल्याचं आढळलं. मुलग्यांशीही तितक्याच गप्पा मारणं, गोष्टी सांगणं घरच्यांच्या हातात आहे.

कधी थांबू नये?

हे निकष मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखेच लागू होतात:

- १२ महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही
- १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही
- २४ महिन्यांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही
- हाक मारली तरी लक्ष देत नाही
- आधी येणारे शब्द कोणत्याही वयात बोलेनासं झालं

यातलं काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं आणि कानांची तपासणी आधी करून घ्यावी. कमी ऐकू येणारं मूल आवाजाकडे वळून बघत असलं, तरी त्याला शब्द स्पष्ट ऐकू येतातच असं नाही.

बोलण्यातला उशीर, तोतरेपणा आणि ऑटिझम हे मुलग्यांमध्येच जास्त आढळतं. म्हणून ‘मुलगा आहे, बोलेल’ हा दिलासा धोक्याचा आहे. दुसरीकडे, गप्प बसणाऱ्या मुलीला ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून दिलं जातं आणि तिची अडचण उशिरा लक्षात येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी मोफत होते. गरज पडल्यास मुलाला पुढच्या उपचारांसाठी पाठवलं जातं. तपासणीत सगळं ठीक निघालं तर घरच्यांची काळजी मिटते आणि अडचण निघाली तर उपचार वेळेत सुरू होतात.